जिना उजव्या हाताला

१२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर डोळ्यांचा विषय निघाला की तू लगेच नातीच्या हातात फोन देतेस, म्हणून पत्र लिहितोय. पत्र असं दुसऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही. तुझ्या मुलाने मला थोडंफार सांगितलंय. डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते आता तुझ्याच अक्षरात येऊ दे, काही न लपवता.

इकडे मी निवृत्तीचा उद्योग वाढवून ठेवलाय. लेकीने घेऊन दिलेली खेळण्यातली आगगाडी बागेत लिंबाच्या झाडाला वळसा घालून हौदामागून धावते, हे तुला माहीत आहेच. तिच्यासाठी प्लायवूडचं स्टेशन केलं होतं. एका पावसात ते भिजल्या पावासारखं फुगलं आणि उरलंसुरलं वाळवीने खाल्लं. मग डोक्यात आलं की उभा जन्म मी कवळ्या केल्या, साचे घेणं आणि ओतणं हाच माझा धंदा, तर स्टेशन सिमेंटचं ओतायला काय हरकत आहे? ओतलं. ऊन, पाऊस आणि शेजारचं मांजर, सगळं सोसून ते उभं आहे. तुझी भावजय म्हणते, खिडक्यांची रांग बघून हे स्टेशन आता हसेल आणि आपल्याला कवळी दाखवेल असं वाटतं. तिची पिठाची चाळणी मी वाळू चाळायला नेली, त्याचा हा राग आहे.

आता मुख्य गोष्ट. स्टेशनाच्या पुढे मी आपली गल्ली करणार आहे. लहानपणी राहायचो ती, सायकलवाल्यापासून आपल्या घरापर्यंतची सगळी ओळ. खरी गल्ली कधीच पाडली, तिथे आता गोदामं आहेत. पण तुला नीट दिसतंय तोवर ती तुझ्या डोळ्यांसमोर पुन्हा एकदा उभी करायची, असं मी मनाशी घेतलंय. तुला कधी येता येईल ते कळव, म्हणजे मला कामाचा अंदाज बांधता येईल.

घरी सर्वांना नमस्कार, नातीला पापा. तुझी माया आहेच, ती पाकिटात घालूनही थोडी पाठवत जा.

तुझा धाकटा,
भोंगा

२७ मे

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

केस पिकले तरी सही भोंगा अशीच करतोस, बरं वाटलं. तू रडायला लागलास की गिरणीची सुट्टी झाली समजून बायका जेवणाची ताटं मांडायच्या, हे आई किती जणांना सांगायची! नाव तेव्हापासूनचं.

डोळ्यांचं विचारलंस, तर ऐक. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होतं. सुईत दोरा ओवणं मी सोडलं, पेपराचे मथळे तेवढे वाचते. हे पत्र जाड पेनाने लिहिलंय ते तू बघतोच आहेस. डॉक्टरबाई म्हणाल्या की वर्षअखेरपर्यंत बहुधा निभावेल, पण मधेच एखाद्या दिवशी आत रक्त उतरलं तर सगळं एकदम जाऊ शकतं. तसं होऊ नये म्हणून इंजेक्शनं चालू आहेत.

मला भीती वाटते, हे तुलाच सांगते. घरात सगळे इतकं सांभाळून बोलतात की मला घाबरायचीही चोरी झालीय. माणसं आणि जागा दिसायच्या बंद झाल्या की हळूहळू आठवायच्याही बंद होतील, अशी धास्ती बसलीय. आत्ताच आईचा चेहरा आठवायला फोटो काढावा लागतो, आणि फोटोही आता भिंगाखाली धरावा लागतो.

म्हणून तुझ्या गल्लीचं वाचून मी पत्र छातीशी धरून बसले. नातीची परीक्षा झाली की ऑक्टोबरमध्ये येते. बेकरीचं धुराडं विसरू नकोस, आणि दवाखान्याच्या पायऱ्या झिजलेल्या होत्या, कोऱ्या करकरीत करू नकोस. भावजयीला नवी चाळणी आणून दे.

जपून राहा. सिमेंटचे हात डोळ्यांना लावत जाऊ नकोस, आपल्या घरात एकीचं झालं तेवढं पुरे.

तुझी,
ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गल्ली झाली! सोबत फोटो मोठा करून पाठवतोय, भिंग घेऊन बस.

कशी केली ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. प्लास्टरची एक लांब लादी केली आणि तीत सगळी ओळ कोरली. दारं, खिडक्या, विटांच्या रेघा, बेकरीचं धुराडं. आपल्या जिन्यासाठी चांगलं खोल कोरावं लागलं. मग आतून तेल लावून त्यात सिमेंट आणि बारीक वाळू घट्टसर कालवून भरली. मधे डासांच्या जाळीचा तुकडा घातला, म्हणजे भिंतीला तडा जात नाही. आत हवेचे बुडबुडे राहिले तर भिंतीवर देवीचे व्रण उठल्यासारखं दिसतं. आमच्याकडे कामावर त्यासाठी थरथरणारं टेबल असायचं. इथे मी साचा भावजयीच्या शिलाई मशीनवर ठेवला आणि मोटार चालू केली. बुडबुडे छान वर आले. नंतर तिने ब्लाउज शिवायला घेतला तर त्यातून वाळू निघाली, आणि त्या दिवशी मला जेवण बागेत मिळालं.

सगळ्यात कठीण म्हणजे वाट बघणं. साच्यातून काढल्यावरही ओल्या गोणपाटाखाली ठेवून रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर कडा भुगा होऊन पडतात. ते सगळं केलं, मागे साध्या भिंती जोडून वर छप्परं टेकवली. गेल्या आठवड्यात धो धो पाऊस झाला, पण एक वीट हलली नाही. दुकानांच्या पाट्या तेवढ्या रंगवायच्या राहिल्यात.

एकच गोष्ट. बघताना काहीतरी खटकतं आणि त्यावर बोट ठेवता येत नाही. भावजय म्हणते की मला जन्मभर काही ना काही खटकतच आलंय. तू बघ आणि सांग.

ऑक्टोबरची वाट बघतोय. येताना स्वेटर आण, आणि रागवायचं असलेलं सगळं तिकडेच ठेवून ये.

तुझा,
भोंगा

२५ ऑगस्ट

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

फोटो तीन दिवस उशाशी घेऊन झोपले. सकाळच्या उजेडात खिडकीशी बसायचं, भिंगातून एक एक तुकडा बघायचा आणि मनात जोडायचा, असं चाललं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या बघून तर मला औषधाचा वास आला. खाली सुताराचं कोठार आणि वर आपल्या दोन खोल्या, अगदी तशाच आहेत. जिन्याचा कठडासुद्धा केलास! पहिले दोन दिवस मला काहीही चुकलेलं दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी कळलं, आणि मी एवढी हसले की सूनबाई धावत आली. अरे, तुझी अख्खी गल्ली उलटी आहे! आरशात बघितल्यासारखी. स्टेशनातून निघालं की घरं उजव्या हाताला यायची, तुझ्याकडे ती डाव्या हाताला आहेत. आपल्या दाराकडे तोंड करून उभं राहिलं की जिना उजवीकडे होता. तू तो डावीकडे चढवलास.

मला आधी का कळलं नाही तेही सांगते. मी छापखान्यात सगळा जन्म अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले. उलटी अक्षरं वाचणं हेच माझं काम, उलटं असलं की मला ते सरळच वाटतं. तू एक जरी पाटी साच्यात कोरली असतीस तरी ती उलटी निघून तुझं तुलाच समजलं असतं.

तर झालं ते झालं. हसून झालं की सोडून दे, आणि पुन्हा करायला घेऊ नकोस. मी ऑक्टोबरमध्ये येते आणि उलटी तर उलटी, डोळे भरून बघते. मला मनात सुलटी करून घेता येते.

भावजयीला सांग, तिला खटकत नव्हतं आणि तुला खटकत होतं, या वेळी तुझं बरोबर होतं. एवढं तरी सुख तुला मिळू दे.

तुझी,
ताई

६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि बागेत जाऊन खाली बसलो. बरोबर आहे तुझं. कवळी करताना साचा नेहमी कुणाच्या तरी जबड्यावरून घेतलेला असायचा. डावं उजवं ज्याचं त्याने तोंडातच आणलेलं असायचं, मला त्याचा विचार कधी करावाच लागला नाही. साचा स्वतः कोरायची वेळ म्हातारपणी पहिल्यांदा आली, आणि मी आठवली तशी गल्ली सरळ कोरून मोकळा झालो. साच्यात सरळ कोरलं की ओतलेलं उलटं निघतं, हे शिकाऊ पोरालासुद्धा कळेल. भावजय दोन दिवस मला आरशासमोर उभं करून डावा हात कुठला ते विचारत होती.

पण ताई, मी ही तशीच ठेवू शकत नाही. जिना डावीकडे असलेलं घर आपलं नाही. तुला शेवटची म्हणून जी गल्ली दाखवायची ती खोटी दाखवू? मला ते जमणार नाही. जुनी ओळ काढून टाकलीय आणि नवी लादी कोरायला घेतलीय, या वेळी समोर आरसा ठेवून. पाणी मारण्याचे दिवस धरले तर नोव्हेंबर सरेल. तेव्हा तू ऑक्टोबरऐवजी डिसेंबरमध्ये ये. थंडीही छान पडलेली असेल. डॉक्टरबाई वर्षअखेर म्हणाल्यात ना, मग आपल्याला वेळ आहे.

माझ्यावर रागवू नकोस. रागावलीस तर निदान तसं लिहून कळव.

तुझा,
भोंगा

१८ सप्टेंबर

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

रागावलेय. तू गाढव आहेस. बाई वर्षअखेर बहुधा म्हणाल्या होत्या, लिहून दिलं नव्हतं. मी उलटी बघायला तयार होते, ती तू काढून टाकलीस, मला न विचारता. लहानपणी पत्त्यांचा बंगला थोडा कलला की तू सगळाच उधळून द्यायचास, तसंच केलंस.

आता काढलीच आहेस तर कर. डिसेंबरमध्ये येते. डोळ्यांत रोज थेंब घालते आणि त्यांना सांगते, जरा दम धरा, एक गाढव कामाला लागलंय.

तरीही तुझीच,
ताई

२१ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आईंच्या ऐवजी मी लिहितेय, यावरून तुम्हाला कल्पना आली असेल. सोमवारी सकाळी आई उठल्या आणि खोलीत दिवा का लावला नाही, असं त्यांनी मला विचारलं. बाहेर लख्ख ऊन होतं. आम्ही लगेच दवाखान्यात गेलो. दोन्ही डोळ्यांत रक्त उतरलंय, उजव्याने काहीच दिसत नाही आणि डाव्याने उजेड अंधार एवढंच कळतं. यापुढे यात फारशी सुधारणा होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

तुम्हाला कळवू नका असं आईंनी बजावलं होतं. मामा स्वतःला दोष देत बसेल आणि जेवणार नाही, असं त्या म्हणाल्या. पण मला तुम्हाला अंधारात ठेवणं पटलं नाही. त्या रडत नाहीत. खिडकीशी बसून तुमचा तो फोटो मांडीवर ठेवतात आणि त्यावरून हात फिरवतात. फोटो गुळगुळीत, त्यात हाताला काय लागणार? ते बघून मलाच रडू येतं.

त्यांना तुमच्याकडे यावंसं वाटतंय की नाही, ते मला विचारायचा धीर झाला नाही. तुम्हीच विचारा. आमच्यावर नेहमीसारखी छाया राहू द्या.

तुमची,
भाचेसून

२८ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सूनबाई हे तुला वाचून दाखवेल. तिच्यावर चिडू नकोस, तिने कळवलं ते बरं केलं.

तू ऑक्टोबरमध्ये येणार होतीस. आली असतीस तर उलटी का होईना, गल्ली तुझ्या डोळ्यांनी बघून गेली असतीस. एका जिन्याच्या बाजूसाठी मी हटून बसलो. त्यात घाई केली, साचा लवकर उघडला आणि ओळ बेकरीपाशी मोडली, म्हणून पुन्हा ओतावी लागली. ती गोणपाटाखालून काढली आणि दुसऱ्याच दिवशी पत्र आलं. बरोबर झालीय, सगळं जिथल्या तिथे आहे, आणि आता ती कुणासाठी? भावजय म्हणते, पत्र आल्यापासून मी बागेकडची खिडकी उघडलेली नाही. खरं आहे, उघडवत नाही.

तरी तू ये. गल्लीसाठी येऊ नकोस, माझ्यासाठी ये. मी स्वतः न्यायला येतो. तू समोर बसून मला गाढव म्हण, ते मला पत्रापेक्षा सोसवेल.

तुझा,
भोंगा

२ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

मी सांगतेय आणि सूनबाई लिहितेय. अक्षर पहिल्यापेक्षा चांगलं आहे, तेवढा तुझा फायदा. मधेच ती स्वतःचं काही घुसवेल, तर ते तिचं समज.

घरी सुखरूप पोचले. भावजयीला माझा विशेष निरोप दे. महिनाभरात तिने मला एकदाही हाताला धरून ओढलं नाही. कुठे काय आहे ते एकदा सांगायची आणि आपल्या कामाला लागायची. इथे अजून सगळे मला काचेच्या भांड्यासारखं उचलतात. (मामा, आम्ही सुधारतोय.)

तुझ्याकडे असताना गल्लीविषयी मी फार बोलले नाही. बोलता आलं नाही, म्हणून आता सांगते. तू मला बागेत ओळीसमोर बसवलंस, माझा हात स्टेशनावर ठेवलास आणि मागे जाऊन उभा राहिलास. तिथे तू नाक ओढत होतास ते मला व्यवस्थित ऐकू येत होतं. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत.

शाळेतून येताना मी उजव्या हाताची बोटं भिंतींवरून ओढत चालायची. बोटं काळी होतात म्हणून आई रोज ओरडायची. तुला हे ठाऊक असायचं कारण नाही, तू तेव्हा पाळण्यात. त्या दिवशी हात पुढे सरकवला तर सायकलवाल्याची फळी लागली, मग दवाखान्याच्या झिजलेल्या पायऱ्या, मग बेकरीची भिंत. ती गरम होती. उन्हाने तापलेली होती हे मला कळत होतं, पण बेकरीची भिंत तेव्हाही गरमच असायची. पुढे काय येणार ते आठवावंच लागलं नाही. मी विचार करायच्या आत बोटं जिन्यावर चढली होती.

डोळे असते तर मला उलटी गल्लीही चालली असती. हाताला ती चालली नसती रे. उलटीत भिंती डाव्या हाताला आल्या असत्या, उजवा हात भलतीकडेच चाचपडत राहिला असता, आणि मी समजले असते की संपलं, आता आठवणंही गेलं. हीच माझी भीती होती, तुला ठाऊक आहे. तू हटून बसलास म्हणून मी घरी पोचले. तेव्हा स्वतःला बोल लावत बसणं आता बंद कर. तुला गाढव म्हटलं होतं तेही परत घेते, निम्मं.

आता तक्रार. जिना चढून मी दारातून बोट आत घातलं, तर आत काही नाही! नुसतं पोकळ. परतीच्या वाटेवर हेच डोक्यात घोळत होतं, की इतका काटेकोर माणूस आतलं कसं विसरला. मग उमगलं. आपण ते घर सोडलं तेव्हा तू एवढासा. दिवसभर गल्लीत उंडारायचास, जेवायला आणि झोपायला तेवढा वर यायचास. तुला घर बाहेरूनच माहीत आहे.

मला आतून माहीत आहे. दारातून शिरलं की डाव्या हाताला ओटा, त्यावर आईचा स्टोव्ह. स्टोव्हच्या वर फळी, फळीला खिळा, खिळ्याला बाबांची टोपी. खिडकीखाली पलंग, भिंतीकडे तू आणि कडेला मी, तू पडशील म्हणून. पलंगाच्या पायाशी आई पाय पसरून बसायची आणि केस विंचरायची. विंचरताना तिचं तोंड कसं वाकडं व्हायचं, तेसुद्धा. परवा सूनबाईला हे सांगायला बसले तर संध्याकाळ झाली तरी माझं संपेना. (खरं आहे मामा. आई न थांबता बोलत होत्या.)

तेव्हा छप्पर पक्कं बसवू नकोस, उचलता आलं पाहिजे. रंग देण्यात वेळ घालवू नकोस. आणि घाई तर मुळीच नको, सिमेंटला हवे तितके दिवस पाणी मार. मला आता कुठली तारीख गाठायची नाही. दर पत्रात मी एक एक कोपरा सांगत जाईन, तू तो ओतत जा. अडलं तर विचार. आत काय काय होतं ते सगळं मला स्वच्छ दिसतंय.

तुम्हा दोघांना माझे हात डोक्यावर आहेत असं समजा, आणि पत्राला उशीर करू नका.

तुझी,
ताई